खाऱ्या वाऱ्यातला व्हिडिओ: किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी छोटा कॅमेरा कसा निवडावा

छोटा कॅमेरा घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगापिक्सेल? त्याच्या मागोमाग दुसरा: फोर-के आहे ना? फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम जेमतेम 2 मेगापिक्सेलची असते आणि फोर-केची सुमारे 8. आज मिळणारा कुठलाही बरा कॅमेरा एवढी गरज सहज भागवतो. म्हणजे ज्या आकड्यांवर आपण सगळ्यात जास्त घासाघीस करतो, त्यांच्यावरून दोन कॅमेऱ्यांतला फरक कळतच नाही.

कोकणात व्हिडिओ बिघडतो तो वेगळ्याच कारणांनी. वारा आवाज खातो. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना चित्र उड्या मारतं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, दुपारी सगळं पांढरंफटक दिसतं, जत्रेत रात्री चेहरे काळवंडतात. आणि एकदोन पावसाळे गेले की लेन्समध्ये बुरशी धरते. होमस्टे चालवणारे, घरच्या मालवणी जेवणाचे व्हिडिओ करणाऱ्या काकू, रापणीची मासेमारी आणि लिलाव दाखवणारी बंदरावरची मुलं, दशावताराची नाटकं टिपणारे हौशी, असे बरेच जण मला विचारतात, "कुठचा घेऊ?" मी उलट विचारतो, तुमच्या आत्ताच्या व्हिडिओत नेमकं काय बिघडतंय? त्या उत्तरावरून कॅमेरा ठरतो. कधी कधी कॅमेरा घ्यायलाच नको, असंही ठरतं.

आधी आवाज

चित्र थोडं धूसर असलं तर बघणारा चालवून घेतो. बोलणं कळलं नाही की तो पुढच्या व्हिडिओवर जातो. घरची माणसं तेवढी मुंबईहून फोन करून सांगतात, "अरे, काय बोलतंस ता ऐकाक येना नाय."

किनाऱ्यावरच्या वाऱ्याला वेळापत्रक असतं आणि ते कॅमेरावाल्याने पाठ करून ठेवावं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा. सकाळ चढली की तो सुरू होतो आणि दुपारनंतर जोर धरतो. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेने मतलई वारा वाहतो, बहुधा मंद. त्यामुळे बोलायचा भाग सकाळी लवकर उरकावा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्याचाही इथे फायदा होतो. सकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की ऊन तोंडावर येतं आणि वाराही पडलेला असतो. संध्याकाळी त्याच जागी सूर्य पाठीमागे जातो, चेहरा काळा पडतो आणि वारा ऐन भरात असतो. सूर्यास्ताची दृश्यं जरूर घ्या, पण त्यावर बोलायचं ते सकाळी किंवा घरात बसून बोला.

वारा माइकच्या पातळ पडद्यावर थेट आदळतो आणि त्यातून घरघर उठते. तिचा जोर माइकच्या मर्यादेपलीकडे गेला की त्याखालचं बोलणं कायमचं जातं. कुठल्याही ॲपने ते परत येत नाही. उपाय एकच, वारा माइकपर्यंत पोचण्याआधीच मोडायचा. माइकवर लावायची केसाळ टोपी हेच काम करते. सोनीच्या झेडव्ही मालिकेतल्या छोट्या कॅमेऱ्यांसोबत ही टोपी खोक्यातच मिळते, ती पहिल्याच दिवशी लावावी. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावायचं साडेतीन मिलिमीटरचं भोक असलं पाहिजे. सोनीचा झेडव्ही-1, कॅननचे जी7 एक्स मार्क 3 आणि व्ही10 यांना ते आहे. डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट 3 ला नाही, पण त्याच कंपनीचा वायरलेस माइक त्याला थेट जोडता येतो. तिसरी गोष्ट, आवाजाची पातळी हाताने कमी-जास्त करता आली पाहिजे. 'ऑटो'वर ठेवलं तर तुम्ही बोलायचं थांबलात की कॅमेरा लाटांचा आवाज मोठा करतो.

छातीवर लावायचा वायरलेस माइक, त्यालाही केसाळ टोपी, आणि वाऱ्याकडे पाठ. एवढं केलं तर बंदरावरसुद्धा बोलणं स्वच्छ येतं. तुमची तक्रार फक्त आवाजाची असेल आणि फोनचं चित्र पटत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: फोनला चालणारा वायरलेस माइक घ्या आणि कॅमेऱ्याचे पैसे राखून ठेवा.

हात पुरतो का?

स्वतःकडे कॅमेरा धरून बोलताना चौकटीत किती मावतं, हे लेन्सवर ठरतं. लेन्सच्या माहितीत '24 मिमी', '20 मिमी' असे आकडे असतात. ते 35 मिमीच्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबाने दिलेले असतात, म्हणून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करता येते. आकडा जितका लहान, तितकं जास्त मावतं. गणित अगदी सोपं आहे: 36 ला (फिल्मच्या चौकटीची मिमीतली रुंदी) अंतराने गुणायचं आणि लेन्सच्या आकड्याने भागायचं.

हात लांब केला की कॅमेरा चेहऱ्यापासून साधारण 60 सेंटीमीटरवर जातो. 24 मिमीला चौकटीची रुंदी येते 90 सेंटीमीटर. 20 मिमीला 108, 18 ला 120 आणि 16 ला 135. नव्वद सेंटीमीटर पुरेसे वाटतात, पण कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण, म्हणजे हिसके लपवायची सोय, चालू केलं की कडांचा भाग कापला जातो आणि ती रुंदी सत्तरीच्या आसपास येते. रीलसाठी कॅमेरा उभा धरलात तर 24 मिमीला रुंदी उरते जेमतेम 51 सेंटीमीटर. म्हणजे नुसते खांदे.

हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. होड्यांतून उतरलेल्या टोपल्या ओल्या वाळूत मांडलेल्या, भोवती गिऱ्हाइकांचं कडं, मधोमध बोली पुकारणारा. तुम्ही कड्याच्या आत उभे, मागे सरकायला जागा नाही. 24 मिमीच्या लेन्सने तुमचा चेहरा येतो आणि कानामागे कुणाचं तरी कोपर. 18-20 मिमीला तुम्हीही दिसता, टोपल्याही दिसतात आणि बोली लावणारा हातही दिसतो.

2020 मध्ये आलेल्या झेडव्ही-1 चा झूम 24 पासून सुरू होतो. 2023 च्या झेडव्ही-1 मार्क 2 मध्ये तो 18 पासून केला, त्यामागे हीच गरज होती. पॉकेट 3 आणि झेडव्ही-1एफ 20 वर आहेत, व्ही10 आहे 19 वर. 2025 चा कॅनन व्ही1 तर 16 पासून सुरू होतो. दुसऱ्यांचंच चित्रीकरण करणाऱ्यांना मात्र जी7 एक्स मार्क 3 चा 24 ते 100 मिमीचा झूम जास्त उपयोगी. जेटीवर उभं राहून लांबची होडी जवळ आणता येते.

चालताना आणि होडीत

छोट्या कॅमेऱ्यांत स्थिरीकरण बहुधा तीन प्रकारचं असतं. एकात लेन्सच्या आतली काच हलून हाताची थरथर सावरते. उभं राहून टिपताना ते छान काम करतं, चालताना अपुरं पडतं. दुसरं इलेक्ट्रॉनिक, ते चित्राच्या कडा कापून हिसका लपवतं. भर उन्हात ते उत्तम चालतं, अंधार पडला की फसतं, कारण कमी उजेडात प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ लागतो आणि त्या वेळातला हिसका चित्रात मुरलेला असतो. चौकट स्थिर दिसते आणि आतलं चित्र थरथरत राहतं. तिसरं जिंबल. त्यात अख्खी लेन्स तीन मोटरींवर तोललेली असते आणि हात वळला तरी ती वळत नाही. पॉकेट 3 मध्ये जिंबल अंगचाच आहे आणि सगळ्याचं वजन 179 ग्रॅम भरतं.

जांभ्याच्या पायऱ्या उतरत वाडी दाखवायची असेल, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावरून चालत बोलायचं असेल, नाहीतर खाडीत होडीतून फिरवून आणायचं असेल, तर जिंबलला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त एक लक्षात ठेवा. जिंबल वळणं सावरतो, पावलागणिक वर-खाली होणं पूर्ण सावरत नाही. गुडघे थोडे वाकवून, टाच आधी टेकवत चाललं की तेही बरंच कमी होतं.

ऊन, शटर आणि कॅमेऱ्याचा गॉगल

पुळणीवर दुपारी घेतलेला व्हिडिओ कधी कधी तुटक का दिसतो? लाटांचे थेंब हवेत गोठल्यासारखे, माणसांची चाल झटक्याझटक्याची. कारण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. सेकंदाला 25 फ्रेम घेत असाल तर प्रत्येक फ्रेमसाठी शटर साधारण 1/50 सेकंद उघडं राहावं, म्हणजे हालचालीला नैसर्गिक पुसटपणा येतो. पण लख्ख उन्हात, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 100 ला आणि लेन्स एफ/2 वर उघडी असताना (एफचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडी), चित्र पांढरं पडू नये म्हणून शटर 1/6400 पर्यंत पळवावं लागतं. 1/50 हवं असेल तर उजेड सात वेळा निम्मा करावा लागेल, म्हणजे 128 पट कमी.

इथे एनडी फिल्टर लागतो. हा लेन्सचा गॉगल. रंग न बदलता उजेड कमी करतो. झेडव्ही-1, तिचा मार्क 2, जी7 एक्स मार्क 3 आणि व्ही1 यांच्यात तीन टप्प्यांचा, म्हणजे उजेड आठ पट कमी करणारा एनडी आतच आहे. तो चालू करून लेन्स एफ/8 पर्यंत मिटवली की भर उन्हातही 1/50 चं शटर बरोबर बसतं. झेडव्ही-1एफ आणि पॉकेट 3 मध्ये तो आत नाही, बाहेरून लावायचा वेगळा घ्यावा लागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही एक ओळ माहितीपत्रकात जरूर शोधावी. दुकानदार ती आपणहून सांगत नाहीत.

दशावताराची रात्र

छोट्या कॅमेऱ्यांत उजेड टिपणारा सेन्सर बहुतेकदा 1 इंची म्हणून ओळखला जाणारा असतो, प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा. त्याहून मोठा एपीएस-सी सेन्सर सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा. म्हणजे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त, आणि तितक्याच वेळात जमा होणारा उजेडही त्याच प्रमाणात जास्त. बहुतेक चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर 1 इंचीपेक्षा लहान असला तरी फोन अनेक फ्रेम एकत्र करून फोटो उजळ दाखवतो. व्हिडिओत ती करामत फारशी चालत नाही, म्हणून रात्रीच्या फोटोत हुशार दिसणारा फोन रात्रीच्या व्हिडिओत दाणेदार होतो.

दशावतार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. उजेड थोडा, रंगभूषा गडद, आणि युद्धाच्या प्रवेशात पात्रं गरगर फिरतात. नियमाने हेच टिपणार असाल तर 1 इंचीवर थांबू नका. झेडव्ही-ई10 सारखा, लेन्स बदलता येणारा एपीएस-सी कॅमेरा आणि एफ/1.8 किंवा त्याहून उघडी लेन्स घ्या. तो खिशात मावणार नाही, पण या कामाला तोच लागतो.

रात्रीचा आणखी एक त्रास म्हणजे चित्रावरून सरकणारे काळे पट्टे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मेनूत 'पाल' (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, 25 किंवा 50 फ्रेमवर ठेवा आणि शटर 1/50 किंवा 1/100 करा, पट्टे जातात. काही स्वस्त एलईडी माळा स्वतःच्याच लयीत लुकलुकतात. तिथे शटर थोडं इकडेतिकडे करून बघावं लागतं.

रात्रीवरून आठवलं. वेळासला आणि किनाऱ्यावर इतरत्र कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक जमतात. तिथे कुठल्याही कॅमेऱ्याचा दिवा किंवा फ्लॅश लावू नये. पिल्लं उजेडाच्या मागे जाऊन समुद्राची दिशा चुकतात. अंधार असेल तर व्हिडिओ राहू दे.

स्वयंपाकघरात

जेवणाच्या व्हिडिओत कॅमेरा तिवईवर स्थिर असतो, वारा नसतो, म्हणून वरची बरीच काळजी गळून पडते. इथे महत्त्वाचा फोकस. सुरमईची तुकडी उचलून काकू लेन्सजवळ धरतात आणि कॅमेरा मात्र मागच्या चेहऱ्यालाच चिकटून राहतो. तुकडी धूसर, त्यावरचं मीठ-मसाल्याचं लिंपण दिसतच नाही. झेडव्ही मालिकेत वस्तू पुढे केली की फोकस तिच्यावर उडी मारेल अशी सोय एका बटणावर आहे. पण झेडव्ही-1एफ चा फोकस जुन्या, कॉन्ट्रास्ट पद्धतीने लागतो, म्हणजे मागेपुढे चाचपडत. झेडव्ही-1 आणि झेडव्ही-ई10 मधला फेज डिटेक्शन फोकस अंतर थेट ओळखतो. स्वयंपाकासाठी एवढ्या एका कारणावरून मी एफ टाळतो.

मीठ, वाळू, बुरशी

आता जे सगळ्यात कमी बोललं जातं आणि किनाऱ्यावर सगळ्यात महाग पडतं ते. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते लेन्सवर, बटणांच्या फटीत, चार्जिंगच्या भोकात बसतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. धातूच्या टोकांवर खारं पाणी साचलं की गंज ठरलेला.

किनाऱ्यावरून आल्यावर आधी रबरी फुग्याने वाळू-धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बाहेरून पुसावं, लगेच कोरड्या कापडाने. लेन्स कोरडीच घासली तर मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. झूमवाल्या छोट्या कॅमेऱ्यांत नळी पुढेमागे होते, आणि वाळूचा एक कण तिच्या फटीत अडकला तरी ती अर्ध्यावर थांबते. ज्यांचं सगळं काम पुळणीवर, त्यांनी झूम नसलेला कॅमेरा पसंत करावा हे म्हणूनच. पॉकेट 3 ला नळी नाही, पण जिंबलचे सांधे उघडे आहेत, तो वाळूत ठेवायचा नाही.

वर नावं घेतलेला एकही कॅमेरा पाण्यात न्यायचा नाही. तारकर्लीला पाण्याखाली उतरायचं असेल किंवा कोसळत्या पावसात शूट करायचं असेल तर गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा. तो वेगळ्या कवचाशिवाय 10 मीटरपर्यंत पाण्यात चालतो. रात्रीचं चित्र त्याचं यथातथाच.

बुरशीला ओल आणि अंधार लागतो. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण, कारण पिशवी ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, एवढी सोय पुरते. काटा 40 ते 50 च्या दरम्यान असावा. 60 ओलांडला की जेल तापवून वाळवायचं आणि परत ठेवायचं. तांदळात कॅमेरा पुरू नका, त्याची पिठी फटीत जाते. पावसाळ्यात काम नसलं तरी अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरत राहावं. एसी गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरते, तेव्हा पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

बॅटरी, कार्ड आणि गावचं नेटवर्क

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटी. झेडव्ही-1 ची प्रत्यक्ष वापरात पाऊण तासाच्या आसपास टिकते, तेव्हा दोन जादा धरून चाला. फोर-केचं चित्रण सेकंदाला 100 मेगाबिटने होत असेल तर तासाला 45 जीबी भरतात. 64 जीबीच्या कार्डात सुमारे 85 मिनिटं मावतात. कार्डावर 'व्ही30' ही वेगाची खूण लिहिलेली असावी. मे महिन्याच्या उन्हात लहान अंगाचे कॅमेरे फोर-केवर तापून बंद पडतात. व्ही1 मध्ये त्यासाठी पंखा बसवलाय, बाकीच्यांना सावलीत ठेवायचं.

अपलोडचा हिशोब मात्र आधीच करा. यूट्यूबच्या शिफारशीनुसार फुल एचडीला सेकंदाला 8 मेगाबिट आणि फोर-केला 35 ते 45 पुरतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ फुल एचडीत 600 एमबीचा होतो, फोर-केत 3 जीबीच्या घरात. गावात अपलोडचा वेग 4 मेगाबिट मिळत असेल तर पहिला वीस मिनिटांत चढतो, दुसऱ्याला पावणेदोन तास लागतात, तेही मधे वीज गेली नाही तर. बहुतेक लोक बघतात फोनवर. फुल एचडी नीट घेतलं तर काही बिघडत नाही.

घेताना

चालत-फिरत बोलणाऱ्याने पॉकेट 3 घ्यावा. घरात, अंगणात आणि किनाऱ्यावर असं सगळं थोडंथोडं करणाऱ्याने झेडव्ही-1 मार्क 2 किंवा व्ही1. निव्वळ स्वयंपाकाला आणि रात्रीच्या नाटकाला झेडव्ही-ई10. बजेटमधला एक हिस्सा माइक, जादा बॅटरी, कार्ड आणि त्या डब्यासाठी आधीच बाजूला काढावा. तो भागत नसेल तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा.

आपल्याकडे बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी आखातात असतं आणि कॅमेरा तिकडून येतो. हरकत नाही, पण त्याची वॉरंटी भारतात चालते का हे आधी लेखी विचारून घ्या. जपानच्या बाजारातले काही सोनी कॅमेरे फक्त जपानी भाषेत चालतात, तेही तपासा. दुकानात घेत असाल तर स्वतःचं कार्ड घेऊन जा, बाहेर रस्त्यावर येऊन चालत-बोलत एक मिनिट शूट करा आणि ते घरच्या पडद्यावर हेडफोन लावून बघा. जुना घेत असाल तर लेन्स पूर्ण बाहेर काढून फोनचा टॉर्च तिरका मारा. काचेच्या आत बारीक पांढरे धागे किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी तो कॅमेरा घेऊ नका.